जेट बोट, लॉग ७: मागचं बेअरिंग काढूनच टाकलं

तिसरं बेअरिंग गेलं. रविवारी सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात बोट सोडली आणि चौथ्याच मिनिटाला आवाज बदलला. आधी बारीक शिट्टी, मग पिठाच्या गिरणीसारखी घरघर. काठाला आणून शाफ्ट बोटांनी फिरवला तर आत वाळू भरल्यासारखा करकरत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पाणी मागे फेकून पुढे जाणारी ८० सेंटीमीटरची फायबरची रिमोटवरची बोट, चार सेलची लिपो बॅटरी, २००० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे) ब्रशलेस मोटर, ४ मिलीमीटरचा स्टेनलेस शाफ्ट. शाफ्टला दोन ठिकाणी आधार. पुढे, बोटीच्या आत कोरड्यात ६०४ नंबरचं बॉल बेअरिंग. मागे, स्टेटरच्या (पाणी फेकणाऱ्या पंख्यामागच्या, म्हणजे इम्पेलरमागच्या स्थिर पात्यांच्या) पोटात, म्हणजे थेट पाण्यात ६८४ नंबरचं. मरतं ते हेच मागचं.

घरी आल्यावर टाचणीने सील उचकटलं. मी भरलेलं ग्रीस तपकिरी होतं, निघालं ते ताकातल्या लोण्यासारखं पांढरट. त्यात गंजाचे तांबूस ठिपके. ग्रीसमध्ये पाणी घुसळलं गेलं की असंच होतं.

दोन्ही बाजूंना रबरी सील आहे म्हणजे पाणी आत जाणारच नाही, असं मी दोन लॉगमध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं. ते चुकलं. मिनिटाला पंचवीसेक हजार फेरे फिरताना बेअरिंग तापतं, आतली हवा फुगते आणि सीलच्या कडेखालून थोडी बाहेर पडते. थ्रॉटल सोडला की भोवतालचं पाणी त्याला लगेच गार करतं. आतली हवा आकसते, ओढ तयार होते आणि त्याच कडेखालून पाणी आत शिरतं. तलावावर मी दर दोन मिनिटांनी वळण घ्यायला थ्रॉटल सोडतो. म्हणजे बेअरिंगला पाणी पाजायचा पंप मीच चालवत होतो.

त्यावर माझा उपाय काय, तर ग्रीस आणखी ठासून भरायचं! तसं भरलेलं पुढचं ६०४ घेऊन साखर पेठेतल्या एका टर्नरकडे गेलो. अण्णांचा सगळा जन्म लूमचे स्पेअर बनवण्यात गेला. त्यांनी सील काढून बघितलं आणि म्हणाले, "काय बे, बेअरिंग हाय का श्रीखंडाचा डबा?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. गच्च भरलेलं ग्रीस गोळ्यांना वाट देत नाही. गोळ्या ते सतत घुसळत राहतात, त्यात मोटरची ताकद जाते आणि उष्णता वाढते. आतल्या रिकाम्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं ग्रीस बास. ६०४ ला हिशेब केला तर साधारण ०.०३ मिली आलं, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या एका दाण्याएवढं. आता इन्सुलिनच्या सिरिंजचं टोक कापून तेवढंच सोडतो. त्याआधी जुनं ग्रीस पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवतो, कारण वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. वॉटमीटरवर, कपलिंग (मोटर आणि शाफ्टमधला सांधा) जोडून पण इम्पेलर काढून, ठासलेल्या बेअरिंगला ४.८ अँपिअर लागत होते, आता ३.१ लागतात.

पुढच्या बेअरिंगवर भार वेगळा असतो. इम्पेलर पाणी मागे फेकतो, तेवढाच रेटा शाफ्टमधून पुढे येतो आणि तो बोटीला देण्याचं काम या बेअरिंगचं. म्हणून मध्यंतरी मी इथे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे खास असा रेटा झेलणारं बेअरिंग बसवलं होतं. इतक्या वेगात त्याच्या गोळ्या बाहेर फेकल्या जायला बघतात, दोन फेऱ्यांत तापून निळं पडलं. दोनेक किलोचा रेटा साधं ६०४ आरामात झेलतं. तो विषय संपला.

मागच्यासाठी मात्र ग्रीसचा नादच सोडला. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५४ मध्ये जेट बोट आणली. आज मोठ्या जेट युनिटांतही बऱ्याच ठिकाणी मागचं बेअरिंग रबरी बुशचं, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या नळीचं असतं आणि त्याचं वंगण म्हणजे पाणी. नाहीतरी तिथे पाणीच पाणी आहे, मग त्याच्याशी भांडायचं कशाला?

अण्णांकडे लूमच्या गिअरसाठी आणलेला नायलॉनचा रॉड पडला होता. त्याचाच बुश कातला, भोक ४.०५ मिलीमीटर. शाफ्ट लोण्यासारखा फिरला. रात्रभर बादलीत ठेवला आणि सकाळी बघतो तर शाफ्ट जाम! नायलॉन पाणी पिऊन फुगतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "लूमवर कुठं पाणी असतंय रे." मग अ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकचा रॉड मागवला, तो पाणी जवळजवळ पीतच नाही. भोक ४.१० ठेवलं आणि आतून लांबीला तीन खाचा पाडल्या. पाणी त्यातून वाहतं आणि तलावातली बारीक रेती आत अडकण्याऐवजी पाण्याबरोबर निघून जाते.

एक पथ्य आहे. ही बोट आता टेबलावर कोरडी फिरवायची नाही. सवयीने मी पाच सेकंद थ्रॉटल दिला, तर प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि बुशच्या तोंडाला चकाकी आली. आता टेस्टिंग धुण्याच्या टबात, घरातले सगळे बाहेर गेल्यावर.

काल पाच बॅटऱ्या संपवल्या. शिट्टी नाही, घरघर नाही, फक्त कमी वेगात किंचित खडखड आहे. घरी येऊन बुश मोजला तर भोक ४.१२ भरलं. ४.२० झालं की बदलायचा. अण्णांनी एकदम चार कातून दिलेत.