जंगलाला गट नंबर नसतो

सातपुड्याच्या पायथ्याला झाडोऱ्यावर काम करायचं म्हटलं की चढण, ऊन आणि विंचू यांची भीती सगळे घालतात. अर्जातल्या एका चौकटीबद्दल मला कुणीच बोललं नव्हतं. वनखात्याची परवानगी, मार्गदर्शकांची सही, वनस्पती मोजायचे चौकोन आखणं हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

माझा प्रश्न साधा होता. यावल-रावेर पट्ट्यात एकाच उतारावर सागाचे दोन तुकडे आहेत, माती एकच, पाऊस एकच. वरच्या तुकड्यात पहिल्या पावसानंतर मुसळी, रानहळद, कळलावी अशा कंदांच्या वनस्पती जमिनीतून वर येतात. खालच्यात तरोटा, आघाडा, घाणेरी आणि अधूनमधून पळस-बोर. असं का? खालच्या तुकड्यात पालापाचोळ्याखाली गुडघाभर उंच दगडांची रांग आहे आणि तिच्या कडेने मोहाची म्हातारी झाडं, तीही रांगेतच. सोबत आलेल्या पावरा बाबांनी पाय टेकवून सांगितलं, "बांध आहे हा. इथे नांगर चालायचा, माझ्या आज्याच्याही आधी."

बाबांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. नांगर फिरला की कंद उपटले जातात, आणि असल्या वनस्पतींचं बी फार लांब जात नाही, त्यामुळे त्या बांधापलीकडून परत यायला पिढ्या लागतात. शेतकरी मोह तोडत नाही, म्हणून तो बांधावर उरतो. शेणखताचा आणि राखेचा स्फुरदही मातीत फार काळ टिकतो. फ्रान्समध्ये रोमन काळात कसलेल्या जमिनीवर आज जंगल आहे, तिथे नत्र मानवणाऱ्या वनस्पती अजूनही जास्त आढळतात, असा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे तिथे जुन्या शेतीच्या जागी प्रजाती कमी नव्हे, जास्तच निघाल्या. म्हणजे 'नांगरलं की विविधता घटते' असा सरसकट नियम नाही, जागेचा इतिहास पाहावा लागतो.

आणि खानदेशात तो इतिहास सरळ नाही. १८०२ साली होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, गावं ओस पडली. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा पूर्वीच्या वावरांत झाडी माजली होती. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली. आज ज्याला आपण 'अस्सल जंगल' म्हणतो, त्यातलं कितीतरी कुणाचं तरी वावर होतं. मार्गदर्शक म्हणाले, बाबांचं सांगणं लिही, पण कागद जोड.

इथून पुढचं सगळं त्या कागदाचं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या नकाशाच्या नकलेचा अर्ज द्यायचा होता. अर्जात चौकट: गट नंबर. माझ्या तुकड्याला गट नंबरच नव्हता, कारण गट पडले १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर, आणि ही जमीन त्याआधीच वनखात्याकडे गेलेली. आता तिला फक्त वनखात्याचा कंपार्टमेंट नंबर. खिडकीतले भाऊ म्हणाले, "गट नंबर बिगर अर्ज लेता येत नही, ताई." कंपार्टमेंट नंबर लिहिला तर, "हे जंगल से, वनखात्याले विचारा." वनखात्यात उत्तर मिळालं की आमच्याकडे जंगल झाल्यानंतरचं आहे, आधीचं महसूलकडे. महसूलवाले म्हणाले, नकाशे भूमी अभिलेखात. म्हणजे पुन्हा तीच खिडकी. साहेबांना भेटावं तर "साहेब मिटिंगले गयेल सेत." मी चौकट रिकामी ठेवून अर्ज दिला तर तो परत आला, वर पेन्सिलीने गोल केलेला. माझा राग त्या भाऊंवर नव्हता. ज्याने ही चौकट आखली, त्याच्या डोक्यात जंगल कायम जंगलच होतं आणि वावर कायम वावर.

सोडवलं ते बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या एका निवृत्त भूकरमापक काकांनी. "नक्कल काय मागतेस? कजाप माग. जमीन एका खात्यातून दुसऱ्यात गेली की कमी-जास्त पत्रक होतंच." तलाठ्याकडे गाव नमुना १-अ, म्हणजे वन जमिनीची नोंदवही असते, त्यात जुना सर्व्हे नंबर सापडेल, हेही त्यांनीच सांगितलं. तो सापडला.

मग माहिती अधिकारात अर्ज केला, प्रतीऐवजी अभिलेख पाहणीचा. पहिला तास फुकट असतो. आणि 'हे आमच्याकडे नाही' म्हणणाऱ्यांना कलम ६(३) दाखवा: अर्ज योग्य कार्यालयाकडे त्यांनीच पाच दिवसांत पाठवायचा असतो. (हे आधी माहीत असतं तर बाकावरचा वेळ वाचला असता.) पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका.

लाल कापडाच्या गठ्ठ्यात पान निघालं. सर्व्हे नंबर, आकार (म्हणजे शेतसारा) रुपये-आण्यांत, 'जिरायत', आणि खाली वेगळ्या शाईत 'वनखात्याकडे वर्ग'. नकाशातली हद्द जंगलातल्या दगडांच्या रांगेवर बसली. पण मला खरा आनंद झाला तो शेजारच्या नंबराने. तिथल्या चौकोनांत मुसळी भरपूर होती म्हणून मी ती जागा 'कधीच न वापरलेली' धरली असती. कागदावर ती गुरचरण निघाली. गुरं चरली, नांगर लागला नाही, कंद राहिले.

एक सांगायचं राहिलं: कागदाचं काम उन्हाळ्यात उरका. माझी नकाशाची प्रत दिवाळीनंतर हाती आली, तोवर कंदांची पानं वाळून गेली होती आणि त्या हद्दीने चौकोन नव्याने मोजायला पुढच्या मृगाची वाट पाहावी लागली. मधल्या काळात शेजारच्या गावाचा अर्ज टाकला आहे, जुना सर्व्हे नंबर ठळक अक्षरांत, १-अ ची प्रत जोडून. खिडकीतल्या भाऊंनी तो उलटापालटा करून विचारलं, "आनि गट नंबर?"