दुकानातलं चौथं कपाट

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं पुस्तकांचं दुकान आहे. वडिलांनी ते वह्या, कंपासपेट्या आणि गाईडांवर उभं केलं. 2006 साली ते थकले आणि गल्ल्यावर मी बसायला लागले. आजही भाडं आणि दोन माणसांचे पगार शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवरच भागतात, हे आधीच सांगून टाकते. कवितांचं कपाट दारापासून चौथं, पंख्याखालचं. त्याच्या विक्रीतून महिन्याचं लाइटबिल निघालं तरी आम्ही खूश असतो. पण दुकानाबद्दल सांगायला बसलं की मला तेच कपाट आठवतं.

सुरुवातीलाच मी एक घोळ घातला. कपाटावर दोन पाट्या लावल्या, 'सोप्या कविता' आणि 'अवघड कविता'. म्हटलं, गिऱ्हाइकाची सोय होईल. आठवड्याभरात गावातले एक कवी येऊन रागावून गेले, कारण त्यांचा संग्रह सोप्यात होता. मग दुसरे आले. त्यांचा अवघडात होता, म्हणून तेही रागावले. "ताई, माझा उरलासुरला खपसुद्धा बंद पाडलात," म्हणाले. गिऱ्हाइकांना सोप्याच्या पाटीखाली उभं राहायची लाज, अवघडाच्या पाटीखाली भीती. दोन महिन्यांत पाट्या उतरवल्या. त्यांची मागची कोरी बाजू पुढं 'दुकान जेवणासाठी बंद' लिहायला कामी आली.

त्या दोन महिन्यांत एक मात्र लक्षात आलं. अवघड म्हणून मी ज्यांना एका फळीवर कोंबलं होतं, त्या पुस्तकांचा अवघडपणा एकमेकांशी जुळतच नव्हता.

कवी बा. सी. मर्ढेकर घ्या. 1947 च्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कविता मात्र दोन ओळींत सोडून देतात. वाक्य तोडलेलं, शब्द दाबून बसवलेले. आमच्या मागच्या गल्लीत एक गॅरेजवाला आहे, मुलीची शाळेची पुस्तकं घ्यायला येतो. एकदा बिल होईपर्यंत त्यानं मर्ढेकर चाळला आणि मोठ्यांदा हसला. पंक्चर आणि पंप यांची सरळ क्रियापदं केलेली बघून त्याला गंमत वाटली. "आमची पोरं असंच बोलत्यात की," म्हणाला आणि पुस्तक घेऊन गेला. त्याच आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तोच संग्रह परत आणला होता, भाषा बिघडवलीय म्हणून.

'गोलपिठा' या संग्रहाचं उलटं. नामदेव ढसाळांचं वाक्य धडधडत पुढं जातं, अडतात ते शब्द. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीतले, धंद्यातले, रस्त्यावरचे. नाटककार विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या काही शब्दांचे अर्थ विचारावे लागले, प्रस्तावनेत त्यांनी तसं लिहिलंय. मराठीत एम.ए. झालेली मुलं या पुस्तकाशी कोश घेऊन बसतात. मुंबईत वीस वर्षं हमाली करून गावाकडं परतलेल्या एका मामांनी मात्र दुकानाच्या पायरीवर बसून दहा पानं न थांबता वाचली. पुस्तक घेतलं नाही. "घरात ठेवायचं न्हाई हे," एवढंच बोलले. तो अवघडपणा कुठल्या खात्यात घालायचा, मला आजही सांगता येत नाही.

कवी ग्रेस यांचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. 'भय इथले संपत नाही' लताबाईंच्या आवाजात ऐकलेली माणसं चाल डोक्यात घेऊन येतात आणि बाकीच्या पानांवर ती सापडेना की हिरमुसतात. दुसरी तऱ्हा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवाल्या पोरांची. मराठी वैकल्पिक विषयाला 1967 चा 'संध्याकाळच्या कविता' नेमलेला आहे. पोरगं येतं, पुस्तक उघडतं, मिटतं आणि विचारतं, "मॅडम, याचं गाईड आहे का?" अशा एका मुलाला गणिताच्या एक बाई भेटल्या, दुकानातच. त्या ग्रेस जवळजवळ पाठ म्हणणाऱ्या. अर्थ त्यांनीही सांगितला नाही. कविता दोनदा म्हणून दाखवली आणि वही घेऊन निघून गेल्या. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. उत्तर लिहायला काही मिळालं नाही ना त्याला!

आणि अरुण कोलटकर. जन्म इथलाच, म्हणून आमचा जीव जरा जास्त. 'चिरीमिरी' देताना मी बेधडक देते. बळवंतबुवा नावाच्या एका भजनी बुवांच्या आठवणींवरचं ते पुस्तक माणूस हसत हसत, कधी दचकत वाचून काढतो. ते आवडलं म्हणून त्यांचीच 'भिजकी वही' नेणारा मात्र निम्म्या वेळा तक्रार घेऊन येतो. ओळ साधी आहे, पण कॅसान्ड्रा कोण, हिपाशिया कोण, कन्नगीनं नगर का जाळलं? हे पुस्तक आधी माहिती मागतं. काहींना तोच जाच वाटतो. आमच्याकडचा एक फार्मसीचा विद्यार्थी मात्र मोबाइलवर एकेका बाईचा शोध घेत ते चार महिने वाचत होता. कवी 2004 मध्ये गेले, साहित्य अकादमीचा पुरस्कार 2005 चा. पुरस्काराची चिठ्ठी चिकटवून खप वाढला का, असं एका प्रकाशकमित्रानं विचारलं होतं. दोन प्रतींनी.

ऑगस्ट 2019 च्या पुरात दुकानात मांडीभर पाणी शिरलं. गाईडांचा लगदा झाला, तो तोटा मोठा, त्यावर बोलत नाही. चौथ्या कपाटाच्या तळाला 'भिजकी वही'च्याच दोन प्रती होत्या. नावाला जागल्या! फार्मसीवाल्यानं त्यातली एक निम्म्या किमतीत घेतली आणि होस्टेलवर पंख्याखाली पान पान वाळवली.

पुरानंतर दुकान पुन्हा लावताना आम्ही एक पद्धत सुरू केली. कवितासंग्रह न झेपल्यास पंधरा दिवसांत परत आणा आणि तेवढ्याच किमतीचा दुसरा न्या. अट एकच, कशानं अडलं ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं. शब्द, वाक्य, संदर्भ, की नुसताच कंटाळा. परत आलेली प्रत 'वाचलेली' म्हणून कमी भावात विकतो. पहिल्या वर्षी यात पैसे गेले. मग दिसलं की ज्या प्रतींच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या कोऱ्या प्रतींआधी उचलल्या जातात. कुणीतरी आधी धडपडलंय, याचा धीर येत असावा. चिठ्ठ्यांमुळं मलाही गिऱ्हाइकाला काय द्यायचं ते कळायला लागलं. शब्दांवर अडणाऱ्याला मी 'भिजकी वही'सारखं संदर्भांनी भरलेलं पुस्तक बिनधास्त देते, तिथं तो अडत नाही.

या जोरावर आम्ही एक संग्रह स्वतः छापला. तीनशे प्रती. कवी आपल्याच जिल्ह्यातले, बोली दाट, म्हणून शेवटी चार पानांचे शब्दार्थ जोडले. निम्मे वाचक खूश. उरलेले भडकले, "आम्हाला काय शाळेत बसवलंय?" दुसऱ्या छपाईत शब्दार्थांचा सुटा कागद केला आणि पुस्तकात घडी घालून ठेवला. आता विकत घेणारा कागद काढून वाचतो आणि परत आत सरकवतो, नाहीतर काढून टेबलावर ठेवून निघून जातो. ठेवून गेलेल्या कागदांचा गल्ल्याच्या खणात बोटभर गठ्ठा झालाय. कवींना अजून सांगितलेलं नाही.