एका ओळीची नोंद

यादीत एक नोंद घालायची, एवढंच तर काम होतं. नाव, लिंक आणि एका ओळीत वर्णन. साधी वेबसाइट ठेवायला एक चांगली जागा मला सापडली होती आणि होस्टिंग-प्रकाशनाच्या साधनांच्या त्या सामायिक यादीत ती नव्हती. मी लिहिलं, 'वेबसाइटसाठी सर्वोत्तम, अतिशय सोपं आणि पूर्णपणे मोफत साधन!' पुल रिक्वेस्ट, म्हणजे यादीत हा बदल करा अशी विनंती, पाठवली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. यादी सांभाळणाऱ्याने 'सर्वोत्तम' उडवलं होतं, 'अतिशय सोपं'ही. उद्गारचिन्हाच्या जागी पूर्णविराम. नोंद अकारविल्हे दोन ओळी खाली सरकवायची होती. आणि 'मोफत'पुढे एकच प्रश्न: 'किती?'

खवचट वाटला. पण दरांचं पान उघडून बारीक अक्षरांतलं वाचू लागलो, तेव्हा माझाच उत्साह ओसरला. जागा फुकट, पण स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे. महिन्याच्या ट्रॅफिकवर मर्यादा. पानाच्या तळाशी त्यांची पट्टी, ती आपल्याला काढता येत नाही. तासाभराने ओळ उरली ती अशी: 'स्थिर साइटचं होस्टिंग, गिटमधून थेट प्रकाशन. मोफत योजनेत स्वतःचं डोमेन नाही.' (गिट म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन.) रुक्षच. पण ही ओळ आधी वाचायला मिळाली असती, तर माझा तास वाचला असता.

तेव्हापासून चटक लागली. नव्या नोंदी मी फारशा घालत नाही, जुन्या तपासतो. लिंक तपासणारी स्क्रिप्ट असते, पण तिचा भरवसा अर्धाच. ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दाखवणारं पान निदान प्रामाणिक तरी असतं. खरी लबाडी २००, म्हणजे 'सगळं ठीक', असं दाखवणाऱ्यांची. साधन बंद पडतं, डोमेनची मुदत संपते, कुणीतरी ते विकत घेतं आणि ब्लॉग लिहायच्या साधनाच्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात झळकते. स्क्रिप्ट म्हणते, सगळं आलबेल. तिथे माणसालाच डोकवावं लागतं.

याद्यांची ही खोड वेबला जन्मापासूनची. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत सुरुवातीच्या दिवसांत वेब सर्व्हरांची यादी खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली ठेवत. १९९४ मध्ये याहू सुरू झालं तेही दोन विद्यार्थ्यांनी जमवलेल्या लिंकांची यादी म्हणूनच. १९९८ मध्ये सुरू झालेली, पुढे डीमॉझ नावाने ओळखली गेलेली यादी तर स्वयंसेवकांनी चालवली. ती २०१७ मध्ये मिटली. यादीतल्या नोंदी मरतात हे ठाऊक होतं, याद्याही मरतात हे जरा उशिराच लक्षात आलं. आणि आमची यादीसुद्धा तिच्यातच नोंदवलेल्या एका फुकट सेवेवर बसलेली आहे. त्या नोंदीची लिंक तपासताना मी दर वेळी किंचित दचकतो.

गेल्या महिन्यात माझीच ती पहिली ओळ कुणीतरी लाल करून, म्हणजे काढून टाकायची म्हणून, पाठवली. कारण दोन शब्दांचं: 'योजना बंद.' जाऊन पाहिलं, तर खरंच दरांच्या पानावरून फुकटचा रकाना गायब. मंजुरी दिली. आता त्या उपविभागात एकच नोंद उरली आहे आणि एका नोंदीसाठी मथळा ठेवायचा की काढायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही.