कापलेल्या केबलची दोन टोकं

माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात काळं प्लास्टिकचं आवरण असलेली एक केबल गुंडाळून ठेवलेली आहे. दोन हात लांब. तिच्यावरचं चार आकड्यांचं कुलूप अजून बंदच आहे, केबल मात्र मधोमध कापलेली. गेल्या वर्षी श्रावणात, एका मंगळवारी सकाळी सात वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलीच्या सायकलच्या जागी एवढंच पडलेलं होतं.

सायकल सात गिअरची, निळी, साडेअकरा हजारांची. त्यातले चार हजार मुलीचे स्वतःचे, दोन दिवाळ्या आणि दोन वाढदिवसांचे साठवलेले. आठवीत गेल्यापासून शाळा आणि क्लास ती त्याच सायकलवर करायची. त्या सकाळी ती रडली नाही. पाठीवरचं दप्तर न काढता पार्किंगमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी लॉक लावलं होतं." तिने लावलंच होतं. ते लॉक मी आणून दिलेलं होतं, अडीचशे रुपयांचं. भोसरी एमआयडीसीत सत्तावीस वर्षं मी टूलरूममध्ये आहे, पोलाद कापणं हाच माझा धंदा. ती केबल हातात घेऊन मी एकदाही नीट पाहिली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर पाहिली, भिंगाखाली. करवतीने कापली असती तर तारा विसकटल्या असत्या आणि टोकांवर आडवे ओरखडे उठले असते. इथे प्रत्येक तार दोन्ही बाजूंनी चेपली होती आणि मध्ये पाचरीसारखी बारीक कड उरली होती. म्हणजे कटर, आणि एकाच दाबात. कॅमेऱ्यातही तेच दिसलं. टोपी घातलेला एक मुलगा येतो, वाकतो, सायकल काढतो आणि हातात धरून गेटबाहेर जातो. वाकल्यापासून सायकल हलेपर्यंत अकरा सेकंद.

पुढच्या दोन रविवारी मी गॅलरीतल्या व्हाइसवर वेगवेगळी कुलपं आवळून बसलो. तसलीच केबल पुन्हा विकत आणली होती. चोवीस इंची बोल्ट कटरने ती वायरसारखी तुटली. मग घरातली साधी पक्कड घेतली आणि एकेक पीळ तोडत गेलो, तर दोन मिनिटंही लागली नाहीत. बोटाएवढी जाड दिसते ती प्लास्टिकमुळे, आतला दोर निम्म्याहून बारीक. आकड्यांच्या कुलपाची आणखी एक गोष्ट आहे. घाईत बहुतेक जण शेवटची एकच चकती फिरवून जातात. चोराने तीच एक चकती दहा वेळा फिरवली की काम झालं. चार चकत्यांचे दहा हजार आकडे होतात ते फक्त कागदावर.

हार्डवेअरच्या दुकानातली साखळी आणि पितळी कुलूप बरं टिकेल असं मला वाटलं होतं. साखळीच्या कडीवर कानस ओढली आणि चांदीसारखा कीस पडला. तिथेच कळलं. टूलरूममध्ये पोलादाला पाणी दिलंय का, म्हणजे तापवून आणि झटकन थंड करून ते कडक केलंय का, हे बघायची ही जुनी रीत आहे. कानस धरली, तर पोलाद मऊ. काचेवरून घसरल्यासारखी सुळकन गेली, तर कडक. कुठलंही कुलूप घेतलं की त्याच्या दांड्यावर, आतल्या बाजूला, आवरण थोडं सरकवून बारीक कानस एकदा ओढून बघा. कुलपावर काय छापलंय यापेक्षा ती कानस जास्त खरं सांगेल.

यू आकाराचं कुलूप घेतलं बारा मिलिमीटर दांड्याचं. त्यावर कानस घसरली, हॅकसॉच्या ब्लेडचे दात गेले, आणि बोल्ट कटर दाबल्यावर दांड्याऐवजी कटरच्याच जबड्यावर दोन खळगे पडले. कटर उसना आणलेला होता, तो नवीन घेऊन द्यावा लागला. ग्राइंडरपुढे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीने कापणाऱ्या विजेच्या मशीनपुढे, मात्र तेही हरलं, अर्ध्या मिनिटाच्या जरा वर गेलं इतकंच. ग्राइंडरच्या चकतीतला खडा कुठल्याही पोलादापेक्षा कडक असतो, त्यामुळे नेहमीच्या पोलादी कुलपाला तिथे इलाज नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या आणि खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं, काय चाललंय म्हणून. पक्कड हे काम गुपचूप करते, ग्राइंडर गल्ली गोळा करतो. कुलपाकडून आपल्याला हवंय ते एवढंच, चोराला जास्त वेळ लागावा आणि त्याचा आवाज व्हावा.

ग्राइंडरने कापताना आणखी एक फरक दिसला. या कुलपाचा दांडा खालच्या नळीत एकाच पायाला अडकत होता. त्यामुळे एक काप दिल्यावर दांडा फिरवून बाहेर काढता आला. दोन्ही पाय अडकणारी कुलपं मिळतात, त्यांना दोन काप द्यावे लागतात. दुकानात विचारून घ्या, दिसायला दोन्ही सारखीच असतात. आणि गोल नळीसारखी किल्ली असलेलं घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची तशी महागडी कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे लोकांनी दाखवून दिलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. नळीचं मऊ प्लास्टिक आतल्या पिनांचा आकार घेतं आणि किल्लीसारखं फिरतं. त्यांनी किल्लीच बदलली. आपल्याकडच्या स्वस्त कुलपांत ती गोल किल्ली मला अजून दिसते.

आता कुलूप लावायचं कसं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कुलपाला दोन हजार घालून ते चुकीच्या जागी लावलेलं मी रोज बघतो.

मागच्या चाकाचं रिंग लॉक, घोड्याच्या नालासारखं, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. माझ्या भाचीला गावाकडे शाळेतून मानव विकास कार्यक्रमात सायकल मिळाली, तिलाही तेच आहे. त्याचा दांडा आऱ्यांमधून जातो आणि चाक फिरू देत नाही. म्हणजे सायकलवर बसून कोणी पळून जाणार नाही, पण उचलून टेम्पोत टाकायला त्याची काहीच आडकाठी नाही. चौदा-पंधरा किलोचं ओझं एक माणूस सहज उचलतो. म्हणून सायकलला कुलूप लावणं वेगळं आणि सायकल बांधणं वेगळं. रिंग लॉक असू द्या, दुकानासमोर दोन मिनिटं थांबायला ते चांगलंच आहे. रात्रभर ठेवायची असेल तर सायकल जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधली पाहिजे.

तो खांबही हलवून बघा. प्लास्टिकचा पाण्याचा पाइप करवतीने मिनिटात जातो. 'नो पार्किंग'च्या बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून काढता येते. झाडाला बांधू नका, साल सोलली जाते आणि फांदी तोडायला चोराला वाईट वाटत नाही.

बांधताना कुलूप चौकटीतून गेलं पाहिजे. नुसतं पुढचं चाक खांबाला बांधलं तर संध्याकाळी खांबाला चाक तेवढं मिळतं. आता तर चाकाला खटका असतो, पान्हासुद्धा लागत नाही. तो खटका इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलो यांनी शर्यतीच्या सायकलसाठी केला, १९३० च्या सुमारास. शर्यतीत चाक झटपट निघावं म्हणून केलेली सोय रोजच्या शाळेच्या सायकलला कशाला हवी? मी मुलीच्या नव्या सायकलचे दोन्ही खटके काढून साधे नट लावले आहेत.

शेल्डन ब्राउन नावाचे अमेरिकेतले एक सायकल मेकॅनिक होते, २००८ मध्ये वारले. त्यांनी लिहून ठेवलेली एक युक्ती मला फार आवडते. छोटं यू कुलूप मागच्या चाकाच्या रिममधून आणि खांबाभोवती असं घालायचं, की ते चौकटीच्या मागच्या त्रिकोणाच्या, म्हणजे सीट आणि पायडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, आत येईल. कुलूप चौकटीच्या नळीभोवती नसतं, तरी चाक त्या त्रिकोणातून निघत नाही, म्हणून चौकटही अडकते आणि चाकही. बघणाऱ्याला वाटतं, रिम कापली की झालं. पण आऱ्यांच्या ताणाने रिम सतत दाबाखाली असते. कापायला घेतली की फट मिटत जाते आणि ब्लेडच धरून ठेवते. दाबाखालचा जॉब, म्हणजे कापायला घेतलेला तुकडा, कापताना करवत अडकते हे मला कोणी सांगायला नको, पण सायकलच्या चाकात ते मला कधी दिसलं नव्हतं.

कुलूप छोटंच घ्या. आत मोकळी जागा राहिली की तिथे पहार किंवा जॅक घालून फाकवता येतं. साखळी असेल तर ती जमिनीवर टेकू देऊ नका. खाली फरशी आणि वरून हातोडा, म्हणजे आपण चोराला ऐरण करून दिली. कटरचाही एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो. हवेत लटकलेल्या साखळीवर तसा जोर लागत नाही. किल्लीचं तोंड खाली करून लावा, पावसाचं पाणी आत जात नाही आणि वरून काही ठोकायलाही अवघड पडतं. खोबरेल तेल घालू नका, थंडीत गोठतं. ग्राफाइटची भुकटी उत्तम.

सीटच्या आणि हँडलच्या ॲलन बोल्टसाठी एक जुनी युक्ती सांगतो. बोल्टच्या षटकोनी खड्ड्यात मावेल असा एक छर्रा बसवायचा आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतायचं. ॲलन की आतच जात नाही. आपल्याला उघडायचं असलं की टाचणीने मेण उकरायचं. रस्त्यात उभा असलेला माणूस एवढं करत बसत नाही.

चोरीच्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिल? चासी नंबर?" माझ्याकडे दोन्ही नव्हतं. नंबर बहुतेक सायकलींना खाली, पायडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या पोटावर ठोकलेला असतो. चौदा महिने ती सायकल मीच धूत होतो आणि तो नंबर मी कधी वाचला नव्हता. निळी, सात गिअरची, एवढ्या वर्णनावर कोणी कुठून शोधणार?

बिलाचं महत्त्व मला तिथेच कळलं, कारण चोरी लहान की मोठी हे मालाच्या किमतीवर ठरतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात चोरी कलम ३०३ मध्ये येते. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. आणि ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला सुधारायची संधी मिळावी, हे मला पटतं. पण ज्यांची पोटापाण्याची धाव सायकलवर आहे त्यांच्या सायकली बघा. दूधवाल्याची, रात्रपाळीच्या वॉचमनची, धुणंभांड्याला येणाऱ्या ताईंची. सगळ्या जुन्या, सगळ्या पाच हजारांच्या आतल्या. सायकल गेली तर दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांचीच चोरी लहान ठरते. हे मला अजिबात पटत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावी नगरपालिका सायकलला बिल्ला द्यायची. वर्षाला कर भरायचा, बिल्ला हँडलखाली लावायचा. वडिलांनी शिवाय पेंटरकडून चेनकव्हरवर नाव घालून घेतलं होतं. सायकल कोणाची हे अख्ख्या पेठेला माहीत असायचं. बिल्ले गेले, तर तेवढं काम आता आपलं आपण करायचं. नंबरचा फोटो, बिलाचा फोटो, सायकलशेजारी उभं राहून एक फोटो, आणि तिन्ही मेलवर टाकून ठेवायचे. मुलीने कागदावर आपलं नाव आणि माझा फोन नंबर लिहिला, लॅमिनेट केला, गुंडाळी करून सीटखालच्या नळीत सरकवला. स्टिकर खरवडता येतो, रंग बदलता येतो, नळीतला कागद कोणी बघत नाही.

मग सोसायटीची मीटिंग. कार पार्किंगच्या रेषा आखायला पैसे होते, सायकलींसाठी "बघू" होतं. मी म्हटलं सामान मी आणतो, भिंतीकडेची सहा फूट जागा द्या. दोन इंची पोलादी पाइपाच्या चार कमानी वाकवून घेतल्या, दीड फूट खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये उभ्या केल्या आणि पोकळीतही वरून काँक्रीट भरलं. पोकळ पाइप ग्राइंडरला दोन मिनिटांचा, भरलेल्याला चकत्या खर्ची पडतात. जागा निवडली ती वॉचमनच्या खुर्चीसमोरची, दिव्याखाली. जिन्याखालचा कोपरा नाही, तिथे चोराला निवांत बसता येतं.

निळी सायकल मिळाली नाही. मुलगी आता जुनीच घेतलेली, करड्या रंगाची सायकल चालवते. यू कुलूप मागच्या चाकातून कमानीला, पुढच्या चाकाला पातळ साखळी, आणि रिंग लॉक. तीन किल्ल्या एकाच दोरीत. ते ती स्वतः लावते, मी बघायला जात नाही.

आमच्या वॉचमनकाकांची काळी बावीस इंची सायकलही कमानीला असते. परवा त्यांनी साखळी पुढे केली आणि म्हणाले, "साहेब, माझ्यावर पण ती कानस ओढून बघा की." ओढली. कीस पडला. कंपनीत एका डायच्या कामातून उरलेल्या, पाणी दिलेल्या साखळीचा चार फुटी तुकडा भंगारात आहे. सोमवारी स्टोअरवाल्याशी बोलून, रीतसर पावती करून तो विकत घेणार आहे. आवरण म्हणून जुनी ट्यूब चढवायची, म्हणजे त्यांच्या सायकलचा रंग जाणार नाही.