फाळके, गोंडे आणि थोडा गंज

सध्या टेबलावर टाटाचा जुना, पुढे नाक असलेला ट्रक आहे, मॉडेल, १:२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढा. चाकं एका खेळण्यातली. खऱ्या ट्रकच्या १०.००-२० मापाच्या टायरची उंची साधारण एक मीटर पाच सेंटीमीटर. म्हणजे मॉडेलला ४४ मिलिमीटरचं चाक हवं. ते जुळलं की बाकी गाडी चाकावरून मोजत जायची. चाक लहान पडलं तर कितीही रंगवा, ट्रक खेळण्यातलाच दिसतो.

केबिन सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याची. मागचा, माल भरायचा हौद मात्र लाकडीच हवा, तिथे माझी तडजोड नाही. आइस्क्रीमच्या काड्या सगळे वापरतात, पण दोन मिलिमीटर जाडी म्हणजे खऱ्या मापात जवळपास पाच सेंटीमीटरची फळी! इतका जाड फाळका, हौदाची उघडणारी बाजू, कोण लावतो? मी सुताराकडून व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे आणतो आणि दोन थर चिकटवून स्टीलच्या पट्टीवर कापतो.

रंगात खरी मजा. आधी प्रायमर, मग आतून गंजासारखा तपकिरी, वर नारिंगी. फाळक्याच्या कडांना, जिथे साखळी घासते तिथे, ८०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवायचा. खालचा तपकिरी डोकावतो. मडगार्डवर विटकरी खडूची पूड, कोरड्या ब्रशने.

काळे गोंडे लोकरीचे. मागची चप्पल बायकोने रबरी चटईतून कापली, अंगठ्यासकट. ‘हॉर्न ओके प्लीज’ अजून लिहायचंय. त्यासाठी शून्य नंबरचा ब्रशही जाडच पडतोय.