तुम्ही विचारलंत म्हणून: हेराल्डमध्ये अँबेसिडरचं वायरिंग

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात माझी जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी उभी केली की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तिथे भेटलेल्या दोघांनीही तेच विचारलं: "हेराल्डमध्ये अँबेसिडरचं वायरिंग का घातलंत? आणि एवढं झाल्यावर पुन्हा तेच का?" दरवेळी मी "सांगेन कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. आज सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जुन्या वायरींवरचं वेष्टण हात लावला की भुगा होऊन पडत होतं. हेराल्डचं तयार वायरिंग इथल्या बाजारात नाही. इंग्लंडहून मागवायचं तर तेव्हाच्या माझ्या पगारात ते बसत नव्हतं. अँबेसिडर 2014 पर्यंत बनत होती, म्हणून तिचा कोरा सेट मिळाला. शिवाय त्या सेटमधले रंग माझ्या गाडीसारखेच होते, ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची (अर्थिंगची), निळी हेडलाइटची. फियाटचा सेट घेतला असता तर एकेक वायर नव्याने ओळखावी लागली असती. म्हणून याला कुणी जुगाड म्हटलं की मला राग येतो. दोन महिने रोज रात्री मी वायरिंगचा नकाशा समोर ठेवून टेस्ट लॅम्पने एकेक टोक तपासलं होतं.

अँबेसिडर 4.3 मीटर लांब, हेराल्ड 3.9. जास्तीची वायर डॅशबोर्डमागे गुंडाळून टेप मारली. कटआउट (चार्जिंग सांभाळणारी डबी) आणि डायनामोची टोकं नीट बसली. वायपरला एक दिवस गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते बॉनेटचं. अँबेसिडरचे दिवे जागच्या जागी स्थिर असतात. हेराल्डचं बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलंडतं. म्हणजे दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी दरवेळी बिजागरीपाशी वाकतात, ताणल्या जातात. तिथे सैल वळसा हवा आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवं, म्हणजे काठाला वायर घासू नये म्हणून बसवायचं कडं. मी वळसा कमी ठेवला. ग्रोमेट आणून खिशात ठेवलं होतं. नंतर बसवू म्हटलं आणि राहिलं. हेडलाइटच्या वाटेत फ्यूजही घातला नाही. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत तो नसायचाच, आणि मूळ गाडीत जे नाही ते घालायचं नाही, हा तेव्हा माझा हट्ट होता.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. बाबांना गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या दर्शनाला नेलं होतं. गाडी त्यांनीच घेतलेली, माझ्या जन्माआधी. कितीतरी वर्षांनी ते तिच्यात बसले होते. येताना तिलकवाड्याला चहा घेतला. डभोईच्या अलीकडे पूर्ण अंधार झाला. बाबा म्हणाले, "मोठा लाइट लाव रे, समोर बैलगाडी असेल तर दिसायची नाही."

मी डिपर दाबला. दिवे क्षणभर लख्ख झाले आणि गेले. डॅशबोर्डखालून धूर आला, पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास. गाडी कडेला घेतली, स्विच बंद केला, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. आतल्या आत तपकिरी वायर वितळली होती, आणि ती कुठल्याच स्विचला बांधील नव्हती. बॅटरी बॉनेटखाली. बॉनेटला दोन बाजूंना दोन कड्या. एक मी सोडली. दुसरीकडे धावलो तर तिथे बाबा आधीच पोचले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पांढरं धोतर, कडी ओढतोय. बॉनेट वर गेलं तेव्हा बाजूच्या वायरींनी पेट घेतला होता. बॅटरीची केबल सुटावी म्हणून त्या उघड्या हाताने त्यांनी बाजूला केल्या. मी पान्हा घेऊन थरथरत होतो. शेतातून एक जण ओरडत आला, "काका, आघा खसो!" (बाजूला व्हा!) आणि त्याने घमेल्याने माती टाकली.

बाबांचा उजवा तळहात पोळला. डभोईला मलमपट्टी केली, वडोदऱ्याला रिक्षाने आलो. त्यावरून मला ते एक शब्दही बोलले नाहीत, ना त्या रात्री, ना नंतर. गाडीत पुन्हा बसलेही नाहीत. दोन वर्षांनी गेले.

दुसऱ्या दिवशी जळालेला भाग सोलून पाहिला. निळ्यात पांढरी रेघ असलेली वायर, म्हणजे हाय बीमची, भोकाच्या काठावर घासून उघडी पडली होती. दिवसभर त्या वायरीत वीजच नव्हती. डिपर दाबला आणि ती थेट पत्र्याला भिडली.

तुमच्यातले काही म्हणतात, परक्या गाडीचं वायरिंग घातलं म्हणून हे झालं. नाही. वळसा, ग्रोमेट आणि फ्यूज यांमुळे झालं. इंग्लंडचा मूळ सेट असता तरी त्या भोकात ती वायर तशीच घासली असती. पण हे मी ठामपणे बोलतो तेव्हा मलाच ऐकू येतं, की हेराल्डला पुढे सैल वायर लागते हे अँबेसिडरच्या सेटनेच मला विसरायला लावलं, कारण त्याला तिची गरज कधी पडलीच नव्हती. तेव्हाच्या मला मी विचारतो: फ्यूज मूळचा नाही म्हणून नाकारलास, मग अँबेसिडरचं वायरिंग तरी कुठे मूळचं होतं? तो म्हणतो, रंग तरी तेच होते. त्यावर मला आजही उत्तर सुचत नाही.

पुन्हा तेच का? कारण त्यातली प्रत्येक वायर मला पाठ आहे. नव्या सेटची चूक मला अंधारात सापडली नसती. या वेळी दर हेडलाइटला वेगळा 10 अँपिअरचा फ्यूज आहे. दोन्ही बीमना रिले (मोठा करंट सांभाळणारे वेगळे स्विच) आहेत. बॉनेटला स्वतंत्र अर्थची वायर आहे, आणि बॅटरी तोडायचा खटका सीटजवळ, हाताला येईल असा. बिजागरीपाशी हातभर सैल वळसा आहे. ग्रोमेट सर्वांत आधी बसवलं.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, या गाडीने गरुडेश्वरला जाऊ या ना." मी बॉनेट उघडून भोकाच्या काठावर बोट फिरवलं. रबर मऊ होतं. तिला अजून हो म्हटलेलं नाही.