डेस्क फोन, भाग ३ : दहापैकी सात कीचे दिवे लागले

तर जुन्या बाजारातून उचललेला येलिंकचा टी२८पी हा डेस्क फोन आता घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅस्टरिस्कला (घरातल्या फोनांचं एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) नीट रजिस्टर झालाय. आधीच्या ऑफिसची सगळी सेटिंग्ज आत तशीच होती, ओकेचं बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि फॅक्टरी रीसेट मारला, विषय संपला.

आता मेन काम, उजवीकडच्या १० मेमरी की. स्पीड डायल लावणं म्हणजे पोरखेळ, ब्राउझरमध्ये फोनचा आयपी टाकायचा, डीएसएस कीच्या (हव्या त्या कामाला लावता येणाऱ्या कीच्या) पानावर टाइप निवडायचा, नंबर भरायचा, झालं. पण मला हवं होतं बीएलएफ (बिझी लॅम्प फील्ड), म्हणजे की नुसती डायल करणार नाही तर समोरचा फोन मोकळा असेल तर हिरवी, कोणी बोलत असेल तर लाल आणि रिंग वाजत असेल तर लाल लुकलुकणार.

लावलं, सेव्ह केलं, सगळे दिवे ढिम्म. दोन संध्याकाळी मी एलईडी गेले म्हणून फोन खोलून बसलो होतो 😅 शेवटी सर्व्हरवर ‘कोअर शो हिंट्स’ मारलं (हिंट म्हणजे कुठल्या नंबरासाठी कुठल्या फोनची स्थिती कळवायची ते सांगणारी ओळ) तर यादी रिकामी! फोन बिचारा प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी (घरातल्या अंतर्गत नंबरासाठी) सबस्क्राइब, म्हणजे ‘याची स्थिती कळवत राहा’ अशी विनंती, पाठवत होता आणि अ‍ॅस्टरिस्क दरवेळी ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’, तोंडावर मारत होता, कारण डायलप्लॅनमध्ये (कुठला नंबर लावला की काय करायचं त्या नियमांच्या फाइलमध्ये) मी हिंटची ओळच लिहिली नव्हती. २०१ ते २०७ साठी एकेक ओळ टाकली, डायलप्लॅन रीलोड, फोन रीस्टार्ट, आणि टपाटप सहा हिरवे. २०४ मात्र रुसलेलाच, त्याची हिंट चुकून डायलप्लॅनच्या दुसऱ्याच कॉन्टेक्स्टमध्ये (विभागात) पेस्ट झाली होती.

पुढची गंमत पिकअपची, म्हणजे दुसरीकडे वाजणारा कॉल आपल्या फोनवरून उचलण्याची. स्वयंपाकघरातला २०३ वाजतोय, इथे की लुकलुकतेय, मी ती दाबली तर कॉल उचलायच्या ऐवजी फोन उलट २०३ लाच डायल करायला लागला. कीच्या सेटिंगमध्ये एक्स्टेन्शन नावाचा रकाना असतो तो मी रिकामा सोडला होता, तिथे **२०३ भरलं, डायलप्लॅनमध्ये दोन स्टारवाल्या नंबरांसाठी पिकअपची ओळ टाकली, आता पहिल्या दाबात कॉल माझ्याकडे.

आठवी की इंटरकॉमची करून बघितली, समोरचा फोन आपोआप स्पीकरवर उचलला जातो ती. टेस्टला दुपारी अडीचला बाबांच्या खोलीतला २०५ लावला आणि इकडे हेडफोनमध्ये थेट घोरणं ऐकू आलं. मी ‘हॅलो’ म्हटलं मात्र, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. त्या फोनवर इंटरकॉम बंद केलाय, तरी बाबांनी वर नॅपकिन टाकून ठेवलाय.

कागदी पट्टीवर नावं आईने लिहून दिली, माझं अक्षर तिला वाचता येत नाही म्हणे. नऊ आणि दहा अजून कोऱ्या आहेत. नववीवर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) टाकायचा विचार आहे, दहावीला काय लावू सुचवा.